पहिले फिगर स्केट्स : मापाच्या आणि फिटिंगच्या नोंदी

५ जुलै

काम ठरलं. दोन जोड घ्यायचे, एक माझ्यासाठी आणि एक लेकीसाठी. तिचं वय ११. दोघंही शिकाऊ. पुढे जाणं, थांबणं, दोन्ही पायांवर वळणं जमतं. एका पायावर घसरत राहणं अजून दोन-तीन श्वासांपुरतंच. उड्यांना पुष्कळ वेळ आहे. रिंकवरचे भाड्याचे स्केट्स आता पुरे, असं कोच मॅडमनीच सांगितलं.

कारण लेकीचे घोटे. भाड्याच्या जोडात ते आतल्या बाजूला कलतात. मागून पाहिलं की दोन्ही ब्लेडं तिरकी दिसतात. "मुलीचे घोटे नाजूक दिसतात हो," असं बाकावरच्या पालकांपैकी कुणीतरी म्हणालंच. मॅडमनी तिच्या बुटात टाचेमागे बोट घालून पाहिलं, ते सहज आत गेलं. "एक माप कमी आणा," एवढंच बोलल्या. लहान जोड चढवल्यावर लेक कुरकुरली, "बाबा, बोटं लागतायत." पण घोटे बरेच सरळ झाले. तोच बर्फ, तीच मुलगी, तेच घोटे.

तेव्हा या कामातला मुख्य प्रश्न हा: ज्याला आपण कमकुवत घोटा म्हणतो, तिथे दोष कितीदा नुसत्या मोठ्या बुटाचा असतो?

भाड्याच्या स्केट्सबद्दल एवढंच लिहून ठेवतो. ते शेकडो पायांनी वापरलेले असतात, घोट्याजवळ मोडून मऊ झालेले असतात आणि त्यांची धार कधी लावली हे कुणाला आठवत नसतं. चार दिवस घसरून बघायला ठीक. शिकायला लागल्यावर मात्र आपण कुठे चुकतो आणि बूट कुठे चुकतो, हे त्यांत वेगळं करता येत नाही.

१० जुलै

आज पावलं मोजली. मुद्दाम संध्याकाळी, दिवसभराच्या उभं राहण्या-चालण्याने पाऊल थोडं फुगतं, आणि बर्फावरही ते तसंच असणार.

पद्धत साधी आहे, पण घाईत बिघडते. कागद जमिनीवर, भिंतीला भिडवून चिकटवलेला. टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखा भार, नजर समोर. मोजणारा दुसरा हवा. स्वतःच वाकून मोजलं की भार पुढे जातो आणि माप बदलतं. पेन्सिल अगदी उभी धरायची. तिरकी धरली की ती पावलाखाली शिरते आणि बाह्यरेषा अरुंद निघते. मोजे तेच, जे बर्फावर घालणार, म्हणजे पातळ. लांबी भिंतीपासून सगळ्यात पुढच्या बोटापर्यंत. हे बोट अंगठाच असेल असं नाही. माझं अंगठ्याशेजारचं बोट पुढे आहे.

लेक: डावं पाऊल २२९ मिमी, उजवं २३२. चवड्याची रुंदी ८६.
मी: डावं २६१, उजवं २५८. चवड्याची रुंदी १०४, म्हणजे फताडा पाय.

दोन पावलं सारखी नसतात हे ऐकून होतो. कागदावर ते मिलिमीटरमध्ये दिसलं. माप मोठ्या पावलाचं धरायचं आणि लहान पावलाकडची मोकळी जागा इनसोलने, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायच्या सुट्या तळाने, भरून काढायची. काही कंपन्या दोन पायांना दोन मापांचे बूट करूनही देतात, पण तीन मिमीच्या फरकाला त्याची गरज नाही.

माझं डावं पाऊल बसून मोजलं तर २५७ भरतं, उभं राहून २६१. भार पडला की कमान बसते आणि पाऊल लांबतं. हा आकडा कागदावर ठळक लिहून ठेवला. फिटरला, म्हणजे माप घेऊन पायावर बूट बसवून देणाऱ्याला, तो लांबीइतकाच उपयोगी पडेल, कारण कमान इतकी खाली बसत असेल तर बुटात तिला आधार लागणार.

आणखी तीन गोष्टी बाह्यरेषेवर खुणेने दाखवल्या. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड. लेकीच्या दोन्ही पावलांवर, आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं खाली आणि पुढे असलेला हाडाचा उंचवटा. आणि माझी टाच. ती चवड्याच्या मानाने बरीच अरुंद आहे. रुंद चवडा आणि अरुंद टाच हा प्रकार बुटाच्या बाबतीत त्रासाचा असतो, असं वाचलं आहे. बघू.

१२ जुलै

मापांचे आकडे. यात फार गुंतण्यासारखं काही नाही, पण तेवढं कळलेलं असावं.

ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत एका मापाचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिमी, अर्ध्या मापाला सव्वाचार मिमी. दोन्हींत पायरी तेवढीच असली तरी आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपीय पद्धतीत एक पायरी ६.७ मिमीच्या आसपास. एडेआ आणि रिस्पोर्ट या इटालियन कंपन्या सरळ मिलिमीटरमध्ये माप देतात: २२५, २३०, २३५ असं पाच-पाचने. जॅक्सन ही कॅनडाची आणि रिडेल ही अमेरिकेची; त्यांचे आकडे वरून ओळखीचे वाटतात, पण रोजच्या बुटाचा आकडा तिथे लावायचा नसतो.

माझ्या रोजच्या स्पोर्ट्स शूजवर २७.५ सेमी छापलं आहे. पाऊल २६.१. म्हणजे नेहमीच्या बुटात मी निदान १४ मिमी रिकामी जागा घेऊन फिरतो, दीड मापाहून थोडी जास्तच. चालताना, पळताना पाऊल पुढे सरकतं म्हणून ती लागते. स्केटिंगमध्ये पाऊल बुटात सरकायलाच नको, म्हणून ती जागा नकोच. स्केट्स रोजच्या बुटापेक्षा एक-दीड माप लहान येतात, याचं कारण एवढंच.

१९ जुलै

आज कुठल्या प्रकारचे बूट घ्यायचे, यावर काम.

सगळ्यात खालच्या पायरीवर मऊ, आतून गुबगुबीत अस्तराचे, हौशी वापराचे स्केट्स. घालायला उबदार आणि सोपे. पण घोट्याला आधार कमी, आणि पुष्कळ जोडांत ब्लेड रिव्हेटने पक्कं केलेलं असतं. पुढे ते जरा बाजूला सरकवायची वेळ आली तर काही करता येत नाही. आठवड्यातून एकदा गंमत म्हणून जाणाऱ्याला चालतील. नियमित शिकणाऱ्याने ही पायरी गाळावी, असं माझं मत झालं आहे.

त्याच्या वर शिकाऊंसाठीचे खरे फिगर स्केट्स. चामड्याचे किंवा कृत्रिम वरच्या भागाचे, घोट्याभोवती कडक, बहुधा ब्लेड लावूनच येणारे. आमचं काम इथे आहे. त्याच्याही वर नुसते बूट मिळतात, ब्लेड वेगळं निवडायचं; एकेरी, दुहेरी, तिहेरी उड्या मारणाऱ्यांसाठी कडकपणा वाढत जातो.

इथे एक मोह होतो: घ्यायचेच आहेत तर चांगले कडक घेऊन टाकू, पुढे उड्यांनाही होतील. मॅडमनी हा विचार मुळातच खोडून काढला. स्केटिंगमध्ये गुडघ्याबरोबर घोटाही पुढे वाकावा लागतो. कडक बूट उडी मारून उतरताना पडणारा, वजनाच्या कित्येक पट असलेला भार झेलण्यासाठी बनवलेला असतो. तो भार नसेल तर बूट मोडतच नाही, म्हणजे वाकण्याच्या जागी त्याला घडी पडत नाही. मग शिकणारा ताठ गुडघ्यांनी उभा राहतो, कंबरेतून पुढे वाकतो, आणि पडू नये म्हणून हात पसरून फिरतो. रिंकवर असे दोन-तीन जण रोज दिसतात, बूट मात्र एकेकाचे झकास.

वजनाचा हिशेब वेगळा. लेक आणि मी एकाच पायरीवर असलो तरी माझं वजन तिच्या दुपटीहून जास्त. जो बूट तिला नीट वाकवता येईल तो माझ्या वजनाखाली लवकर बसेल. त्यामुळे मोठ्या माणसाने त्याच शिकाऊ गटातला, पण एक पायरी कडक बूट बघावा. कंपन्या कडकपणाला आकडे देतात. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, प्रत्येकीची फूटपट्टी निराळी आहे.

२६ जुलै

आज फिटरकडे. बाह्यरेषांचे कागद बरोबर नेले होते. त्यांनी ते पाहिले, बाजूला ठेवले, आणि स्वतःच्या हाताने परत सगळं मोजलं. मला ते आवडलं.

आधी बूट घालायची रीत. लेस अगदी खालपर्यंत सैल करायची, जीभ पुढे ओढायची, पाऊल आत सरकवायचं, आणि बांधण्याआधी टाच मागच्या भागात नीट बसवायची. त्यासाठी बसून, पंजा वर करून, बुटाची टाच जमिनीवर हलकेच दोन-तीनदा आपटायची. हे न करता बांधलेला बूट योग्य मापाचा असला तरी लहान वाटतो. कितीतरी लोक इथेच पुढचं माप मागतात, असं फिटर म्हणाले.

पहिली तपासणी लेस न बांधता. पाऊल पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवायची, गुडघे वाकवायचे, आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. मोठ्या माणसाला तिथे पेन्सिलही कष्टाने जावी. वाढत्या मुलांना पेन्सिलएवढी जागा चालते. बोट आरामात जात असेल तर बूट मोठा.

दुसरी, बांधून. सरळ उभं राहिलं की बोटांची टोकं पुढे नुसती लागल्यासारखी वाटावीत. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. वाकल्यावरही बोटं दबलेली किंवा मुडपलेली राहिली तर बूट लहान. सरळ उभं असताना बोटं कुठेच लागत नसतील तर बहुधा मोठा. ही तपासणी उभ्याने आणि वाकून, दोन्ही प्रकारे करायची असते. दुकानात बहुतेक जण नुसते सरळ उभे राहतात, "बोटं लागतायत" म्हणतात आणि मोठा जोड घेऊन घरी जातात.

तिसरी तपासणी मला सगळ्यात पटली. फिटरनी माझ्या बुटाची टाच जमिनीवर घट्ट दाबून धरली आणि म्हणाले, "आता टाच उचला." २७०च्या बुटात ती आतल्या आत वर आली. २६५मध्ये किंचित हलली. २६०मध्ये हललीच नाही, पण तिथे गुडघे वाकवूनही बोटं सुटेनात. म्हणजे २६५, आणि टाच हलते तो प्रश्न रुंदीचा.

चौथी, लेसच्या भोकांच्या दोन रांगांमधलं अंतर. नव्या बुटात ते साधारण तीन-चार सेंटिमीटर असावं आणि रांगा बऱ्यापैकी समांतर दिसाव्यात. रांगा एकमेकींना भिडत असतील तर बूट रुंद आहे आणि पुढे आवळायला जागाच उरणार नाही. खूप फाकल्या असतील तर अरुंद. माझ्या पायावर चवड्यापाशी ठीक, घोट्यापाशी जवळ आलेल्या. रुंद चवडा, अरुंद टाच. कागदावर लिहिलेलं पायावर दिसलं.

मग फिटरनी दुसऱ्या कंपनीचा बूट आणला. छापलेल्या मापाने तो आधीच्या बुटाएवढाच, पण साच्याची घडण वेगळी: पुढे ऐसपैस, टाचेचा खोलगा निमुळता. पाय आत गेला आणि टाच जागच्या जागी बसली. तोच माणूस, तीच लांबी, आणि इतका फरक. रुंदीची अक्षरं, ए, बी, सी, डी वगैरे, एका कंपनीत एक अर्थ सांगतात आणि दुसरीत दुसरा. म्हणून पाय घातल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. कुणाच्या शिफारशीवर कंपनी ठरवण्यातही फारसा अर्थ नाही. मॅडमना जी कंपनी प्रिय आहे तिचा बूट माझ्या पायाला लाकडी खोक्यासारखा लागला.

निर्णय आज केला नाही. प्रत्येक जोड बांधून पंधरा-वीस मिनिटं बसायचं, उभं राहायचं, एका पायावर गुडघा वाकवून तोल धरायचा. एवढ्या वेळाने बोलू लागणाऱ्या जागा पहिल्या मिनिटाला गप्प असतात.

२७ जुलै

कालचं डोक्यात घोळत आहे. पाच मिमीवरून एवढी चर्चा का, याचं उत्तर ब्लेडमध्ये आहे.

पूर्वी ब्लेडं नेहमीच्या बुटांना पट्ट्यांनी किंवा पकडींनी बांधत. १८६०च्या दशकात अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्सने ब्लेड थेट बुटाला पक्कं जोडलं, असं श्रेय त्याला देतात. तेव्हापासून बूट जसा कलेल तसं ब्लेड कलणार. मधला एकच सांधा कच्चा राहिला: पाऊल आणि बूट यांच्यातला.

फिगर स्केटचं ब्लेड साधारण चार मिमी जाड. त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. स्केटिंग म्हणजे या कडेवरून त्या कडेवर जाणं. आता बुटात पाऊल पाच मिमी आडवं सरकत असेल तर ते ब्लेडच्या जाडीहून जास्त सरकलं. पाय बाहेरच्या कडेचा इशारा देतो, बूट तिथेच राहतो. आणि उभं राहताना पाऊल सहसा आतल्या बाजूला ढळतं, रिकामी जागा सापडली की तिकडेच जातं. लेकीचे घोटे आत का पडत होते, याचा खुलासा इथे झाला.

लांबीचंही तसंच. ब्लेडचा तळ पुढून मागे कमानदार असतो, त्या गोलाईची त्रिज्या बहुधा ७ किंवा ८ फूट. पुढच्या भागात, चवड्याखाली, ही गोलाई वाढते; वळणं आणि गिरक्या तिथे होतात. ब्लेड बुटाच्या लांबीनुसार बसवतात. बूट एक माप मोठा असेल आणि टाच मागे टेकलेली असेल तर चवडा त्या जागेच्या मागे पडतो. टो-पिक, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते, तेही बोटांपासून लांब जातं. बुटाला घोट्यापाशी जिथे घडी पडायला हवी तीही जागा आपल्या घोट्याशी जुळत नाही. शिकवलेलं सगळं बरोबर करूनही वळण फसतं, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

जाड मोज्यांचाही निकाल यातच लागतो. मोठा बूट जाड मोज्याने भरला तर मधे दाबला जाणारा, सरकणारा थर येतो. उबेसाठी म्हणावं तर आवळलेल्या जाड मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

२ ऑगस्ट

लेकीचा प्रश्न. मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायची आपल्याला सवय. कपड्यांना ते चालतं, बाह्या दुमडता येतात. फिटरचं म्हणणं, मोठ्या पावलाच्या मापावर फार तर अर्धं माप जास्त, त्यापुढे नाही. पुढच्या वर्षी बरोबर बसेल अशा बुटात हे वर्षभर चुकीचं शिकायचं, हा सौदा वाईट आहे.

मग वापरलेले स्केट्स? मुलं बूट झिजवण्याआधीच त्यांतून बाहेर पडतात, म्हणून मुलांच्या मापात चांगले जोड मिळू शकतात. दोन जोड पाहिले. बघायच्या गोष्टी अशा: घोट्यापाशी पडलेली घडी किती खोल आहे, हाताने दाबल्यावर बूट तिथे पिशवीसारखा कोसळतो का. टेबलावर ठेवून मागून पाहिलं तर सरळ उभा राहतो का. सोलमधले स्क्रू घट्ट आहेत का, त्यांच्याभोवती चामडं काळं-मऊ पडलेलं आहे का, म्हणजे आत पाणी मुरलं आहे का. आणि ब्लेडमध्ये अजून किती आयुष्य शिल्लक आहे.

शेवटचं ओळखायची खूण सोपी आहे. चांगल्या ब्लेडांवर क्रोमचा मुलामा असतो, पण धारेलगतची एक पट्टी मुद्दाम मुलाम्याविना ठेवलेली असते, थोडी मंद दिसते. दरवेळी धार लावताना ती झिजत जाते. पट्टी संपत आली की ब्लेड संपत आलं. मुलाम्यापर्यंत पोचल्यावर धार टिकत नाही.

पाहिलेल्यांपैकी एक जोड घोट्यात बसला होता. दुसरा सुरेख होता, ब्लेडही भरपूर शिल्लक, पण लेकीच्या पावलावरचा तो हाडाचा उंचवटा नेमका कडक कडेवर येत होता. बूट आधीच्या मुलीच्या पायाचा आकार घेऊन बसलेला. सोडला.

९ ऑगस्ट

घेतले. माझे २६५, निमुळत्या टाचेच्या साच्याचे. लेकीचे २३५, दुसऱ्याच कंपनीचे, नवेच.

दोन्ही जोड उष्णतेने पायावर बसवता येणारे निघाले. सगळे बूट तसे नसतात, आधी विचारावं. बूट खास भट्टीत काही मिनिटं, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, तापवतात. मग लगेच घालून, नीट बांधून, थंड होईपर्यंत बसून राहायचं. चालायचं नाही. कोमट बुटात चाललं तर चुकीच्या घड्या कायमच्या पडतात. लेकीला हालचाल न करता बसवणं हा दिवसातला सर्वांत अवघड भाग. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नये, असं फिटरनी न विचारताच बजावलं. चिकटवलेले थर सुटतात.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या हाडापाशी आणि लेकीच्या उंचवट्यांपाशी त्यांनी बूट आतून ताणून छोटे खळगे काढून दिले. एका ठिकाणी हाड टोचतं म्हणून अख्खा बूट मोठा घेण्याऐवजी तेवढीच जागा मोठी करायची. चामडं वापराने रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत वाढत नाही; म्हणून रुंदीची किरकोळ कुरबूर ऐकून घ्यावी, बोटं मुडपली जात असतील तर नाही.

माझ्या कमानीखाली पातळ, पण टणक इनसोल आला. उजव्या बुटात तोच थोडा जाड.

१० ऑगस्ट

लेस बांधणं हे फिटिंगचंच अर्धं काम आहे, म्हणून वेगळी नोंद.

बोटांपाशी सैलसर. चवड्यावरून वर येताना मध्यम. पावलाची वरची बाजू जिथे नडगीला मिळते, म्हणजे भोकं संपून हूक सुरू होतात, तिथे सगळ्यात घट्ट. टाच मागे धरून ठेवणारी जागा ती. त्यावरचे हूक पुन्हा थोडे सैल, गुडघा वाकवता येईल एवढे. वर एक बोट जाईल इतकी जागा राहते. नवशिके बहुतेक उलटं करतात, वरच गच्च आवळतात, मग घोटा वाकत नाही आणि खाली टाच मोकळी हिंडते.

बूट मोडेपर्यंत सुरुवातीला अगदी वरचा हूक सोडून दिला तरी चालतं, घडी योग्य जागी पडायला मदत होते. घरात ब्लेडवर कव्हर चढवून थोडं उभं राहणं, गुडघे वाकवणं चालू आहे.

१६ ऑगस्ट

नव्या जोडांत बर्फावर पहिल्यांदा. बाहेर पडण्याआधी धार लावून घेतली. नवं ब्लेड धार लावून येतंच असं नाही. शिकाऊंसाठी पन्हळीची त्रिज्या अर्धा इंच ठेवली. याहून कमी त्रिज्या म्हणजे खोल पन्हळ, ती बर्फ जास्त पकडते आणि थांबताना अडखळवते.

पहिल्या दिवशी दोघंही आधीपेक्षा वाईट स्केटिंग करत होतो. टो-पिक बोटांच्या जवळ आलं, धार खरी लागली, बूट वाकेना. मॅडम म्हणाल्या, "होणारच. पंधरा मिनिटांनी बाहेर या, लेस सोडा, परत बांधा." तसं केलं.

कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं नाही, याची यादी मनाशी केली. कमानीत येणारा गोळा बहुधा खाली फार आवळल्याने किंवा बोटांनी बूट पकडायच्या सवयीने येतो; लेस सैल केल्यावर माझा गेला. घोट्याच्या हाडावर लालपणा, नव्या बुटात असतो; जेलची पट्टी पुरते. नडगीच्या खाली, पुढच्या शिरेवर लेसची कळ लागली तर जीभ मधे आहे का ते बघायचं, तरी राहिली तर त्या जागी पॅड. हे सगळं वापराने कमी होत जातं. पण टाचेला फोड येत असतील तर टाच हलते आहे, आणि बोटं बधिर होऊन लेस सोडल्यावरही जागी येत नसतील तर बूट अरुंद किंवा लहान आहे. या दोन तक्रारींना वेळ देऊन उपयोग नाही, फिटरकडे परत जायचं.

लेकीच्या टाचा कोरड्या. माझ्या उजव्या टाचेला थोडा लालपणा, फोड नाही.

३० ऑगस्ट

मॅडमनी मागून चालतानाचा व्हिडिओ काढला. लेकीची दोन्ही ब्लेडं सरळ. घोट्यांबद्दल आता कुणी बोलत नाही.

माझं डावं मात्र एका पायावर घसरताना सतत आतल्या कडेवर ओढतं. घाई न करता आधी बूट तपासला, लेस परत बांधली, इनसोल नीट बसला आहे ना पाहिलं. तरी तेच. मग फिटरनी ब्लेड थोडं सरकवलं. माझ्या जोडात ब्लेड सुरुवातीला लांबट भोकांतल्या मोजक्याच स्क्रूंवर लावून घेतलं होतं, यासाठीच. एक-दोन मिमी आतल्या बाजूला घेतल्यावर ओढ बरीच कमी झाली. अजून काही दिवस बघून गोल भोकांतले कायमचे स्क्रू बसवायचे. कमान बसणाऱ्या पायाला ब्लेड सरकवण्याआधी इनसोल द्यावा, नाहीतर एकाच तक्रारीवर दोन औषधं होतात, हा फिटरचा क्रम मला पटला.

२० सप्टेंबर

बूट मोडले. घोट्यापाशी दोन्ही बाजूंना सारखी, उथळ घडी पडली आहे. भोकांच्या रांगा जवळ आल्या आहेत, पण अजून दोन-अडीच सेंटिमीटर अंतर बाकी आहे, म्हणजे आवळायला जागा आहे. उजव्या टाचेचा लालपणा जाड इनसोलनंतरही पूर्ण गेला नव्हता. जिभेच्या आतून पातळ पॅड लावल्यावर गेला. टाच मागे ढकलायचं काम पुढूनही करता येतं, हे नवीन कळलं.

उतरल्यावरची शिस्त: ब्लेड कापडाने पुसायचं, स्क्रूंच्या खाचांसकट. बॅगेत कापडी कव्हर. प्लास्टिकचं कव्हर चालण्यापुरतंच, त्यात ओलावा राहून गंज चढतो. घरी लेस पूर्ण सैल, इनसोल बाहेर, जीभ उघडी. हीटरजवळ किंवा उन्हात नाही.

लेकीची बाह्यरेषा दर महिन्याला त्याच कागदावर, वेगळ्या रंगात काढतो. उजवं २३३ झालं आहे. गुडघे वाकवूनही बोटं सुटत नाहीत असं ती म्हणेल त्या दिवशी २४० बघायला जायचं, आकडा काहीही असो.

शिल्लक: माझ्या डाव्या ब्लेडचे कायमचे स्क्रू. आणि उजव्या बुटाची जीभ अजून बाहेरच्या बाजूला फिरते, तिच्यावरच्या फटीतून लेस ओवून पाहिली, थोडा फरक पडला. फिटरला दाखवायची आहे.